घरपट्टीच्या कागदाची भाषा : लानेली ग्रामीण कौन्सिलचा इतिहास (१८९४–१९७४)

एखाद्या भाषेचा इतिहास लिहावयाचा म्हटला की अभ्यासकाची दृष्टी प्रथम ग्रंथांकडे वळते. आद्य ग्रंथ कोणता, धर्मग्रंथांचे भाषांतर केव्हा झाले, मुद्रणकला केव्हा आली, गद्याला प्रौढता कोणी आणली, या प्रश्नांच्या आधारे तो आपली मांडणी करतो. ही पद्धत चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. भाषा ज्या कागदांवर प्रत्यही तपासली जाते ते कागद ग्रंथालयात फारसे सापडत नाहीत. कराची पावती, जन्ममृत्यूचा दाखला, न्यायालयाचे समन्स, नळाच्या जोडणीचा अर्ज, हे ते कागद होत. ज्या भाषेत उत्तम काव्य लिहिले जाते त्याच भाषेत घरपट्टीची मागणी करता येते की नाही, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तो क्षुल्लक नाही, हे दाखविण्यासाठी प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील वेल्स प्रांतातल्या एका लहानशा आणि आता अस्तित्वात नसलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थेचा इतिहास मांडावयाचा आहे. ही संस्था म्हणजे कार्मार्दनशायर परगण्यातील लानेलीची ग्रामीण कौन्सिल.

प्रारंभी संज्ञेविषयी थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८९४ ते १९७४ या काळात ‘रूरल डिस्ट्रिक्ट’ नावाचा शासकीय घटक होता. यातील ‘डिस्ट्रिक्ट’ या शब्दाचे भाषांतर ‘जिल्हा’ असे केल्यास वाचकाची दिशाभूल होईल. आपल्याकडील जिल्ह्याशी तुलना करावयाची तर ती तेथील काउंटीशी करावी लागेल. रूरल डिस्ट्रिक्ट हा त्या काउंटीचा एक पोटविभाग असून आकाराने आणि दर्जाने तो आपल्या तालुक्याला अधिक जवळचा होता. म्हणून या लेखात त्याच्या कारभारमंडळाला ‘ग्रामीण कौन्सिल’ असेच म्हटले आहे. नावाच्या उच्चारासंबंधीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘लानेली’ या नावात दोनदा येणारा ‘ल’ हा वेल्श भाषेतील एक विशेष अघोष वर्ण असून देवनागरीत त्याला स्वतंत्र चिन्ह नाही. इंग्रजी कारभारात या नावाचा शेवट ‘वाय’ या अक्षराने होत असे. वेल्श वळणाचा ‘आय’ शहराच्या नावात अधिकृतपणे आला तो १९६६ साली. नावाच्या शेवटच्या अक्षराचा हा बदलही आपल्या विषयाबाहेरचा नाही.

ग्रामीण कौन्सिल ही अकस्मात निर्माण झालेली संस्था नव्हती. तिच्या मुळाशी १८३४ चा गरिबांच्या निर्वाहाविषयीचा कायदा आहे. या कायद्याने अनेक पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेली गावे, एकत्र करून त्यांचे संघ बनविण्यात आले. १८३६ मध्ये लानेलीचा असा संघ स्थापन झाला. पुढे १८७२ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने या संघांच्या ग्रामीण भागावर सांडपाणी, पिण्याचे पाणी आणि रोगप्रतिबंध यांची जबाबदारी टाकण्यात आली. १८८८ च्या कायद्याने काउंटी कौन्सिले आली आणि अखेरीस १८९४ च्या कायद्याने ग्रामीण आरोग्यविभागांचे रूपांतर लोकनियुक्त ग्रामीण कौन्सिलांत झाले. या शेवटच्या कायद्याचा एक विशेष असा की, विवाहित स्त्रियांनाही या कौन्सिलांसाठी मतदान करण्याचा आणि उमेदवार म्हणून उभे राहण्याचा मार्ग त्याने मोकळा केला. ब्रिटिश पार्लमेंटच्या निवडणुकीत स्त्रियांना मत मिळण्यास त्यानंतर चोवीस वर्षे जावी लागली. म्हणजे भारतात लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ साली प्रसिद्ध झाला तेव्हा खुद्द ब्रिटनच्या ग्रामीण भागात लोकनियुक्त कौन्सिले अद्याप यावयाची होती.

लानेलीचा ग्रामीण विभाग शहराला वेढून पसरलेला होता. लान्गेनेख, लानन, लानेदी, पेम्ब्रे ही त्यातील काही गावे. शहर स्वतः वेगळे होते; १९१३ पासून त्याला बरोचा दर्जा मिळाला होता. विभागाच्या पूर्वेस लकर नदी वाहते आणि ती ओलांडली की ग्लॅमॉर्गन परगणा लागतो. कायद्याने या विभागाला ‘ग्रामीण’ म्हटले असले तरी तो केवळ शेतकऱ्यांचा प्रदेश होता असे समजू नये. दक्षिण वेल्सच्या कोळसापट्ट्याचे पश्चिमेकडील टोक याच भागात येते. शेजारचे लानेली शहर कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्यांसाठी इतके प्रसिद्ध होते की त्याला ‘टिनोपोलिस’ असे टोपणनाव मिळाले होते. खाणकामगार, पत्र्याच्या कारखान्यातील मजूर आणि लहान शेतकरी अशी येथील वस्ती होती. येथील औद्योगिक जीवन वेल्श भाषेतच नांदत होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. उद्योगधंदे आले की देशी भाषा मागे सरते, हा समज या भागापुरता विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खरा ठरला नव्हता. खाणीत, चॅपेलमध्ये, बाजारात आणि घरात वेल्शच बोलली जात असे.

या बोलण्यामागे मोठी वाङ्मयीन परंपराही उभी होती. बायबलचे संपूर्ण वेल्श भाषांतर बिशप विल्यम मॉर्गन यांनी १५८८ मध्ये प्रसिद्ध केले. अठराव्या शतकात याच कार्मार्दनशायरमधील धर्मोपदेशक ग्रिफिथ जोन्स यांनी फिरत्या शाळा चालवून सामान्य जनांना आपल्या भाषेतील धर्मग्रंथ वाचावयास शिकविले. काव्यस्पर्धांचा आयस्टेथव्होड हा उत्सव तर आजही वेल्श संस्कृतीचे केंद्र मानला जातो. थोडक्यात, या भाषेला ग्रंथ होते, वाचक होते, कवी होते आणि बोलणारे होते. तिला नव्हते ते कार्यालय. १५३६ च्या कायद्याने वेल्सचे इंग्लंडशी एकीकरण करताना न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरविली आणि इंग्रजी न वापरणाऱ्याला सरकारी पद नाकारले. तेव्हापासून देवाशी बोलण्याची भाषा वेल्श आणि सरकारशी बोलण्याची भाषा इंग्रजी, अशी विभागणी लोकांच्या मनात रुजली. १८७० नंतर जे सार्वत्रिक शिक्षण आले ते इंग्रजी माध्यमातून आले आणि ही विभागणी पक्की झाली.

आता घरपट्टीकडे वळू. स्थावर मालमत्तेच्या वार्षिक भाडेमूल्यावर दर पौंडामागे अमुक शिलिंग या प्रमाणात ही पट्टी आकारली जात असे. शतकानुशतके तिची आकारणी आणि वसुली पॅरिशचे ओव्हरसियर करीत असत. १९२५ च्या कायद्याने ही पद्धत मोडून पट्टी बसविण्याचा आणि वसूल करण्याचा अधिकार बरो, शहरी कौन्सिल व ग्रामीण कौन्सिल यांच्याकडे सोपविला. पुढे १९२९ च्या कायद्याने ग्रामीण रस्ते काउंटीकडे गेले. तरीही पाणी, गटारे, घरबांधणी आणि पट्टीची वसुली ही कामे ग्रामीण कौन्सिलकडे राहिली. याचा परिणाम असा झाला की प्रत्येक कुटुंबाच्या दारात नियमितपणे येणारा शासनाचा कागद हा याच कौन्सिलचा कागद ठरला. तो कागद केवळ इंग्रजीत छापलेला असे.

१९५२ मध्ये लान्गेनेख येथे ट्रेवर आणि आयलीन बीझली या दांपत्याने घर घेतले. ट्रेवर कोळशाच्या खाणीत काम करीत. आयलीन शिक्षिका होत्या. घरपट्टीचे मागणीपत्र इंग्रजीत आले तेव्हा ते वेल्शमध्ये मिळावे, असे त्यांनी कौन्सिलला लिहिले. कौन्सिलने नकार दिला. वेल्शमधील मागणीपत्र मिळेपर्यंत पट्टी भरावयाची नाही, असे दांपत्याने ठरविले. पुढील आठ वर्षांत त्यांना बारापेक्षा अधिक वेळा न्यायालयात उभे राहावे लागले. तेथेही कामकाज वेल्शमध्ये चालावे असा त्यांचा आग्रह होता. बेलिफ घरी येऊन जप्ती करीत आणि सामान घेऊन जात. जप्त झालेल्या सामानाची किंमत थकलेल्या पट्टीपेक्षा बरीच अधिक असे. घरात लहान मुले होती, मिळकत बेताची होती. लढा चालू असतानाच आयलीन बीझली याच ग्रामीण कौन्सिलवर प्लाइड कमरी या पक्षातर्फे निवडून आल्या. १८९४ च्या कायद्याने मोकळ्या केलेल्या दारातून एक विवाहित स्त्री आत गेली. परंतु सभासद झाल्याने मागणीपत्राची भाषा बदलली नाही. अखेरीस १९६० मध्ये कौन्सिलने वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेले मागणीपत्र पाठविले.

या घटनेचे वर्णन ‘परकीय सत्तेविरुद्ध भाषिक लढा’ असे करण्याचा मोह अभ्यासकाला होईल. तो आवरला पाहिजे, कारण वस्तुस्थिती त्याहून गुंतागुंतीची आहे. नाटककार व समीक्षक सॉन्डर्स लुइस यांनी पुढे या प्रकरणाचे जे विवेचन केले त्यात दोन गोष्टींवर बोट ठेवले होते. लान्गेनेखच्या परिसरातील दहांपैकी नऊ माणसे वेल्श बोलणारी होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्रामीण कौन्सिलचे सर्व सभासद आणि सर्व अधिकारीही वेल्श बोलणारेच होते. म्हणजे मागणीपत्र लिहिणारा, ते मंजूर करणारा आणि ते स्वीकारणारा, हे तिघेही एकाच भाषेचे होते आणि तरीही त्यांच्यामधला कागद दुसऱ्या भाषेत होता. दुसरा मुद्दा कायद्याचा. १९६० मध्ये कौन्सिलने द्विभाषिक कागद काढला तो कोणत्याही नव्या भाषिक कायद्याच्या बळावर नव्हे. तसा कायदा व्हावयास आणखी सात वर्षे होती. जी गोष्ट १९६० मध्ये जुन्याच कायद्याखाली करता आली ती १९५२ मध्येही करता आली असती, असे अनुमान काढल्यास ते वावगे ठरू नये.

मग अडथळा कशाचा होता? माझ्या मते तो सवयीचा होता. आपली भाषा कारभाराला अपुरी आहे, तीत ‘तशी’ कागदपत्रे शोभत नाहीत, छपाईचा खर्च वाढेल, आजवर कोणी मागितले नाही, ही उत्तरे जगातील कोणत्याही कचेरीत ऐकू येतात. ती देणारा अधिकारी भाषेचा शत्रू असतोच असे नाही. रविवारी तोच चॅपेलमध्ये त्याच भाषेतील स्तोत्रे गात असेल. भाषेवरील प्रेम आणि भाषेच्या व्यवहारक्षमतेवरील विश्वास या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली असूनही दुसरी नसू शकते. लानेली कौन्सिलच्या इतिहासाचा खरा बोध हा आहे.

१३ फेब्रुवारी १९६२ रोजी सॉन्डर्स लुइस यांनी बी.बी.सी.च्या वेल्श नभोवाणीवर वार्षिक व्याख्यान दिले. त्याचे शीर्षक ‘तंगेद अर याइथ’, म्हणजे ‘भाषेचे भवितव्य’. व्याख्यान देणारा माणूस आधुनिक वेल्श साहित्यातील अग्रगण्य लेखक होता. भाषा वाचविण्यासाठी अधिक काव्य लिहा असे त्याने सांगितले असते तर कोणाला नवल वाटले नसते. त्याने बोट दाखविले ते बीझली दांपत्याच्या घरपट्टीकडे. जेथे वेल्श बोलणारे बहुसंख्य आहेत तेथे त्या भाषेवाचून स्थानिक किंवा केंद्रीय शासनाचा कारभार चालणेच अशक्य करावे, हा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा होता. भाषेचा प्रश्न त्याने स्वराज्याच्या प्रश्नाहूनही आधीचा मानला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लकर नदीपलीकडील पोन्टर्धलाइस येथे वेल्श भाषा संस्थेची स्थापना झाली आणि २ फेब्रुवारी १९६३ रोजी अबरिस्टविथच्या त्रेवेखन पुलावर तिच्या कार्यकर्त्यांनी पहिला सत्याग्रह केला. १९६७ मध्ये वेल्श भाषेचा कायदा होऊन न्यायालयात इच्छुकाला वेल्श बोलण्याचा हक्क मिळाला. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक संस्थांनी दोन्ही भाषांना समान लेखावे असे तत्त्व आणले आणि २०११ च्या विधानाने वेल्शला वेल्समध्ये अधिकृत दर्जा दिला. ही सर्व साखळी एका ग्रामीण कौन्सिलच्या मागणीपत्रातूनच निघाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; परंतु तिच्यातील एक महत्त्वाचा दुवा ते मागणीपत्र आहे, यात संशय नाही.

कौन्सिल मात्र हे सर्व पाहावयास उरली नाही. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याने इंग्लंड व वेल्समधील सर्व ग्रामीण कौन्सिले रद्द झाली. १ एप्रिल १९७४ रोजी लानेलीचा ग्रामीण विभाग, लानेली आणि किडवेली हे दोन बरो व बरी पोर्टचा शहरी विभाग मिळून नवा लानेली डिस्ट्रिक्ट झाला व तो डवेद या नव्या काउंटीत गेला. १९९६ मध्ये तीही रचना मोडली आणि कार्मार्दनशायरची एकसंध कौन्सिल आली. जुन्या विभागाचे नाव आज फक्त ‘लानेली रूरल’ या कम्युनिटी कौन्सिलच्या रूपाने टिकून आहे. तिचा दर्जा आपल्याकडील ग्रामपंचायतीच्या जवळचा आहे. बीझली दांपत्यापैकी ट्रेवर १९९४ मध्ये आणि आयलीन २०१२ मध्ये निवर्तल्या. २०१४ मध्ये लेखिका आंगहारद टोमोस यांनी या लढ्यावर कथा लिहिली. तिच्या वेल्श शीर्षकाचा अर्थ ‘कागदाचा लहानसा तुकडा’ असा आहे. घरपट्टीचा कागद अशा रीतीने अखेरीस साहित्यात दाखल झाला.

इतिहास येथे थांबविला तर तो विजयाची कथा ठरेल, आणि ते सत्याला धरून होणार नाही. जनगणनेचे आकडे वेगळे सांगतात. १९५१ मध्ये वेल्समधील सुमारे २८.९ टक्के लोक वेल्श बोलत होते. १९६१ मध्ये ते प्रमाण २६ टक्क्यांवर आले आणि २०२१ मध्ये १७.८ टक्के राहिले. ज्या कार्मार्दनशायरमध्ये हा लढा झाला तेथे २००१ मध्ये निम्म्याहून किंचित अधिक, २०११ मध्ये ४३.९ टक्के आणि २०२१ मध्ये ३९.९ टक्के लोक वेल्श बोलणारे होते. लान्गेनेखची शाळा पूर्णतः वेल्श माध्यमाची करण्याचा निर्णय काउंटीने २०१७ च्या प्रारंभी घेतला तेव्हा त्याच गावात त्यावरून तीव्र वाद झाला. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी भाषा घरात होती आणि कचेरीत नव्हती. आज ती कचेरीत आहे आणि अनेक घरांतून निघून गेली आहे. कागद उशिरा आला, असे म्हणावे काय? की कागदाने काहीच साधत नाही, असे म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना भारतीय भाषांच्या अभ्यासकाला आपल्या जवळची उदाहरणे उपयोगी पडतील. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात फारशी संज्ञांना संस्कृत पर्याय देऊन कारभाराची परिभाषा घडविण्याचा प्रयत्न झाला. तो राज्यकर्त्याच्या इच्छेतून आला होता. लान्गेनेखची मागणी पट्टी भरणाऱ्याकडून आली. एकीकडे भाषा वरून खाली आली, दुसरीकडे तिला खालून वर चढावे लागले. तंजावरचे उदाहरण याहूनही बोलके आहे. तेथे १६७६ ते १८५५ या काळात मराठी राजवट होती आणि दरबारी दप्तर मोठ्या प्रमाणावर मोडी लिपीतील मराठीत लिहिले गेले. भोवतालची प्रजा मात्र प्रामुख्याने तमिळभाषक होती. राजवट संपली तशी ती मराठी दप्तरातच राहिली. आज ती मोडी वाचणाऱ्या मोजक्या अभ्यासकांची वाट पाहते. लानेलीत भाषेला तोंड होते आणि कागद नव्हता. तंजावरात तिला कागद होता, पण सर्वसामान्यांचे तोंड नव्हते. दोन्ही ठिकाणी भाषेला झीज सोसावी लागली.

यातून निघणारा निष्कर्ष असा की, कागद भाषेला जन्म देत नाही; परंतु बोलणाऱ्यांच्या मनात तिची प्रतिष्ठा टिकवून धरतो. मुले कोणती भाषा उचलतात हे अखेरीस आईबाप ठरवितात. आणि ज्या भाषेत घरपट्टीसुद्धा मागता येत नाही ती मुलांना देण्यात काय लाभ, असा विचार आईबाप करू लागले की कवींचा उपाय चालत नाही. वेल्समध्ये हा विचार पिढ्यान्‌पिढ्या झाला होता. कायदे आले तोवर त्याचे परिणाम घराघरांत पोचले होते.

आपल्या संविधानातील ३५० वा अनुच्छेद या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क तो प्रत्येक व्यक्तीला देतो. हा हक्क मोलाचा आहे. परंतु तो नागरिकाने शासनाला लिहिण्याविषयीचा आहे. शासनाने नागरिकाला कोणत्या भाषेत लिहावे याविषयी हा अनुच्छेद काही सांगत नाही. बीझली दांपत्याचा प्रश्न नेमका या दुसऱ्या दिशेचा होता. त्यांना काही लिहावयाचे नव्हते. त्यांच्या दारात येणाऱ्या कागदाने त्यांच्या भाषेत बोलावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. भाषावार प्रांतरचनेनंतरही आपल्या प्रत्येक राज्यात दुसऱ्या भाषेची गावे, वस्त्या आणि तालुके आहेत. त्या भाषांतील कथाकवितांचा इतिहास आपण लिहितो, आणि तो लिहावयासच हवा. त्याच्या जोडीला त्या तालुक्यांच्या कचेऱ्यांतून आणि ग्रामपंचायतींतून गेली शंभर वर्षे कोणत्या भाषेत पावत्या फाडल्या गेल्या, हेही आपण पाहिले पाहिजे. लानेली ग्रामीण कौन्सिल ऐंशी वर्षे जगली. तिने काढलेली गटारे आणि बांधलेली घरे यांचा हिशेब कार्मार्दनशायरचा स्थानिक इतिहासकार करीलच. भाषांच्या अभ्यासकाने तिच्या मागणीपत्रांच्या भाषेचा हिशेब करावा, एवढी या लेखाची अपेक्षा आहे.